अडीच हजारांचा बेलोज, बाबांच्या एन्लार्जरची लेन्स आणि आजोबांच्या शिवराया

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. सोनी ए ६००० आहे, सोबत आलेली किट लेन्स आहे, बाबांचा स्टुडिओ बंद झाला तेव्हापासून माळ्यावर एन्लार्जर (निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो उतरवायचं डार्करूममधलं यंत्र) पडून आहे आणि त्याला ५० मिमी एफ २.८ ची एल-निक्कॉर लावलेली आहे. ऑनलाइन अडीच हजाराला एम ४२, म्हणजे ४२ मिमीच्या आट्यांचा चायनीज बेलोज दिसतोय. आजोबांच्या डब्यात शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची जुनी तांब्याची नाणी आहेत, त्यांचे फोटो काढायचेत, जमलंच तर मुंग्या आणि कोळीपण. नवीन मॅक्रो लेन्सचं बजेट नाही. कोणीतरी सांगितलंय की रशियन हेलिओस लेन्स घे, तिच्यात जादू आहे, आणि एन्लार्जरचं धूड भंगारवाल्याला देऊन टाक.

जमेल सगळं. हेलिओस नको. आणि एन्लार्जर भंगारात घातलास तर घरातली या कामाची सगळ्यात भारी वस्तू किलोच्या भावाने जाईल, ते का ते खाली सांगतो.

मी फोटोग्राफर नाही बरं का, भोसरीत टूलरूममध्ये आयुष्य गेलं, इन्सर्टची (मशीनच्या टूलला लावतात त्या कापणाऱ्या तुकड्याची) धार कुठे झिजली, कुठे चिपली हे दाखवायला फोटो काढता काढता याचा नाद लागला आणि मग घरी किडे, बिया, मिठाचे खडे, जे सापडेल ते बेलोजखाली गेलं. त्यामुळे माझं बोलणं थोडं मशीनवाल्यासारखं वाटेल, सांभाळून घे.

बेलोज म्हणजे भाता. पेटीला असतो तसाच, घड्यांचा. आत काच नाही, वायर नाही, काही नाही, फक्त लेन्स कॅमेऱ्यापासून लांब न्यायची आणि मधे उजेड शिरू द्यायचा नाही एवढंच त्याचं काम. म्हणून स्वस्त आणि महाग बेलोजमध्ये फोटोच्या क्वालिटीचा फरक नसतो, फरक असतो तो त्याच्या पट्टीत, स्क्रूत आणि किती डुगडुगतं यात. हिशोबही सोपा आहे. लेन्सचा फोकस अनंतावर असताना ती जिथे असते तिथून जितकी पुढे नेशील त्याला फोकल लेन्थने भाग, आलं मॅग्निफिकेशन. ५० मिमीची लेन्स ५० मिमी पुढे नेली की १ एक्स, म्हणजे १० मिमीची वस्तू सेन्सरवर १० मिमीचीच पडते, १०० मिमी नेली की २ एक्स. २८ मिमीची लेन्स असेल तर दर २८ मिमीला एक एक्स वाढतो, म्हणून लहान फोकल लेन्थ भराभर मोठं करते आणि मोठी सावकाश.

आता तुझ्या सामानाचा हिशोब घालू. एम ४२ बेलोज सोनीला लावायला जो नळीसारखा ॲडॉप्टर मिळतो तो २७.५ मिमीच्या आसपास असतो, कारण फ्लँज ते फिल्म लांबी, म्हणजे लेन्स जिथे टेकते तिथपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर, एम ४२ ला ४५.४६ मिमी आणि सोनी ई ला (तुझ्या कॅमेऱ्याचा माउंट) १८ मिमी. बेलोज पूर्ण मिटला तरी ३५-४० मिमी जाडी राहतेच. म्हणजे सगळं मिटवूनसुद्धा लेन्सचा माउंट सेन्सरपासून ८० मिमीच्या पुढे. एल-निक्कॉर ५० ला अनंतासाठी लागतात साधारण ४३ मिमी, म्हणजे कमीत कमी ४० मिमी जादा, म्हणजे ०.८ एक्स. पूर्ण ताणलास, दीडशे मिमीपर्यंत, तर ३ एक्सच्या जवळ. तर ही लेन्स ०.८ ते ३ एवढ्या पट्ट्यात चालणार. किड्यांसाठी बरोबर आहे, पण तुझ्या शिवरायांसाठी नाही! नाणं २० मिमीच्या आसपासचं धरलं तर ०.८ ला त्याची प्रतिमा १६ मिमीची, आणि ए ६००० चा सेन्सर उंचीला १५.६ मिमी. म्हणजे नाणं वरखाली घासून कापलं जाणार, कडेला श्वास घ्यायला जागा नाही. हे आधी वहीत मांडलं नाही तर सामान आल्यावर कळतं आणि मग चिडचिड होते, मला विचार.

यावर दोन उपाय. नळीऐवजी एक-दीड मिमी जाडीचा चपटा एम ४२ ते सोनी ई ॲडॉप्टर मिळतो तो वापर, २५ मिमी वाचतात आणि ५० ची लेन्स ०.३ एक्सपर्यंत खाली येते. पण मग कॅमेऱ्याची ग्रिप बेलोजच्या पट्टीला अडते का ते बघावं लागतं, बऱ्याच वेळा अडते, आणि लोक बेलोज परत पाठवतात कारण कॅमेरा फिरवून बसतच नाही. दुसरा उपाय मला जास्त आवडतो, ७५ किंवा ८० मिमीची एन्लार्जर लेन्स शोध. बाबा सहा बाय सहाच्या निगेटिव्ह धूत असतील तर त्यांच्याकडे असणारच, मीडियम फॉरमॅटच्या निगेटिव्हला तीच लागायची, पत्र्याच्या डबीत नाहीतर एन्लार्जरच्या लाकडी पेटीच्या कोपऱ्यात बघ. ८० ची लेन्स याच बेलोजवर अंदाजे ०.२ पासून दीड एक्सच्या आसपास जाते, नाण्यांना अगदी माप घेऊन शिवल्यासारखी, वर नाणं आणि लेन्समध्ये हात घालायला, लाइट वळवायला जागाही जास्त मिळते.

आता हेलिओस का नको. हेलिओस ४४-२ ही ५८ मिमी एफ २, मूळ झाइसच्या बायोटारच्या डिझाइनवरून आलेली. पोर्ट्रेटच्या मागे पानं गरागरा फिरल्यासारखी दिसतात म्हणून तिचं नाव झालं आणि मग भाव चढला. मॅक्रोत त्या गरगर फिरण्याचा काडीचा उपयोग नाही. एन्लार्जरची लेन्स बनवतानाच सपाट निगेटिव्ह सपाट कागदावर, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकसारखी उतरवायची या कामासाठी बनवलेली असते. नाणं, तिकीट, फुलपाखराच्या पंखाचा तुकडा, सगळी सपाट कामं. हेलिओसमध्ये मधला भाग चांगला आणि कडा सुटलेल्या असं होतं. आधीच घरात पडलेली असती तर म्हटलं असतं वापर, पण घरात एल-निक्कॉर असताना बाहेरून हेलिओस विकत आणणं म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि कधी घेतलीसच तर ४४-२ घे, ती प्रीसेट आहे, ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं लहानमोठं होणारं भोक, हाताने बंद होतं. पुढच्या ४४एम-४ वगैरेंना मागे एक पिन असते आणि ऑटो-मॅन्युअलचा खटका नसतो, साध्या बेलोजवर ती पिन कोणी दाबत नाही त्यामुळे लेन्स कायम पूर्ण उघडी राहते, तू रिंग कितीही फिरव. लोक म्हणतात लेन्स बिघडली, लेन्स नाही बिघडलेली.

तुझी किट लेन्स का चालणार नाही तेही याच्याशीच जोडलेलं आहे, तिला ॲपर्चरची रिंगच नाही, सगळं कॅमेऱ्याच्या वायरीतून चालतं आणि बेलोजमध्ये वायर नाही. जुन्या लेन्स वापरायचं खरं कारण हे एवढंच, रिंग हातात असते. जादूबिदू काही नाही.

मग आता माळ्यावर चढ. लेन्स काढायच्या आधी एन्लार्जर नीट बघ. जाड पाटाचा बेस, त्यात घट्ट रोवलेला खांब, खांबावर वरखाली सरकणारं डोकं, त्याला दात्यांचा किंवा घर्षणाचा नॉब आणि जागेवर लॉक करायचा स्क्रू. हा पाट नि खांब मुळात कशासाठी होते, तर पंधरा-वीस सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये काहीही हलू नये यासाठी. आपल्याला नेमकं तेच हवंय. दिव्याचं डोकं उतरवून ठेव (फेकू नको, बाबांना वाईट वाटेल), त्या जागी लोखंडी एल-अँगलचा तुकडा लाव, त्यात एक भोक, आणि ट्रायपॉडला असतो तो पाव इंची, इंचाला वीस आट्यांचा बोल्ट. कोणताही वेल्डिंगवाला किंवा फॅब्रिकेशनवाला चहाच्या पैशात करून देईल. बेलोज त्यावर उभा, लेन्स खाली तोंड करून, नाणं पाटावर. ट्रायपॉडवर आडवा बेलोज लावून केलेल्या सेटअपपेक्षा हे दहापट घट्ट आहे आणि फुकट आहे. मी स्वतः पहिली दोन वर्षं ट्रायपॉडवर काढली, मधला दांडा वर केलेला, खाली दगड बांधलेली पिशवी, शेजारच्यांचा मिक्सर चालू झाला की हात डोक्याला. मग पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी नुसता एन्लार्जरचा खांब मिळाला, लेन्स नाही, डोकं नाही, विकणाऱ्याला तो कशाचा आहे हेही माहीत नव्हतं. माझे फोटो सुधारले ते त्या दिवशी.

लोक पैसे बेलोज आणि लेन्सवर घालतात आणि हे सगळं डुगडुगत्या गोष्टीवर उभं करतात. ३ एक्सला वस्तूवरचा ०.०१ मिमीचा थरथराट सेन्सरवर ०.०३ होतो आणि ए ६००० चा एक पिक्सेल आहे ०.००४ मिमीचा, म्हणजे सात-आठ पिक्सेलांवर फराटा. सीलिंग फॅनसुद्धा बंद करावा लागतो.

चायनीज बेलोजची स्वतःची दुखणी असतात ती आल्या आल्या काढून टाक. पट्टीवर जे दोन उभे फ्रेम असतात त्यांत प्ले असतो, बोटाने ढकललंस तर कट्‌ आवाज येऊन झुकतात. लॉकचे स्क्रू प्लास्टिकच्या टोकाचे असतात. फ्रेम आणि पट्टीच्या फटीत कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कात्रीने कापून शिम म्हणून सरकव, तो साधारण दहाव्या भागाचा मिलिमीटर असतो, एका बाजूला एक पुरे होतो. मग अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत मोबाइलचा टॉर्च घालून घड्यांचे कोपरे बघ, सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतील तिथे आतून काळा कापडी टेप. ॲडॉप्टरची नळी आतून चकाकत असेल तर काळा मॅट कागद गोल करून आत बसव, नाहीतर फोटोच्या मध्यभागी एक पांढुरका धुरकट डाग येतो आणि माणूस लेन्सला शिव्या देतो.

आणि धूळ. भाता आहे हे विसरू नको, ताणला की हवा आत ओढतो, मिटला की बाहेर फुंकतो, लोहाराकडे निखाऱ्यावर आणि आपल्याकडे सेन्सरवर. नवीन बेलोज आधी व्हॅक्यूम क्लीनरने आतून ओढून घे, दोन दिवस उघडा-मिट कर, परत ओढ, आणि मगच कॅमेरा लाव. कॅमेरा लावलेला असताना झटक्यात ताणू नको.

आता लेन्स. माळ्यावर इतकी वर्षं म्हणजे बुरशी असू शकते, कोकणात किंवा मुंबईत असशील तर असणारच असं धर. ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून मागून टॉर्च मार आणि तिरकं बघ, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती. कडेला दोन-चार धागे असतील तर फोटोत काही दिसत नाही, बिनधास्त वापर, फक्त बाकीच्या लेन्सांसोबत एका डब्यात ठेवू नको आणि हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेव. धूळ असेल तर आधी ब्लोअर, पुसायचं शेवटी. पूर्ण दुधाळ झाली असेल तर मग सोड नाद, दुसरी बघ. एल-निक्कॉरच का, श्नायडरची कॉम्पोनॉन, रोडेनस्टॉकची रोडागॉन यापण याच कामाच्या आणि याच तोलाच्या. जुन्या स्टुडिओवाल्यांना सरळ विचार, मुंबईत फोर्टात बोरा बाजारच्या बाजूला कॅमेरा रिपेअरवाल्यांकडेही खोक्यात पडलेल्या असतात. डिजिटल आलं आणि गावोगावच्या डार्करूमला एकदम कुलपं लागली, त्यामुळे या लेन्स आजही त्यांच्या लायकीपेक्षा स्वस्त मिळतात.

बसवायचं कसं तर या लेन्सला मागे ३९ मिमीचे आटे असतात, एम ३९ ते एम ४२ ची पातळ रिंग मिळते ती लावली की बेलोजवर बसली. एन्लार्जरच्या पट्टीतून काढताना मागे एक गोल चकतीसारखा नट असेल, तो पक्कडीने नको, दोन खाचांत कात्रीची टोकं घालूनही नको (घसरली की थेट काचेवर चरा), रबराचा तुकडा दाबून फिरव. तुझी लेन्स नवीन मॉडेलची, म्हणजे नावापुढे एन असलेली असेल तर आणखी एक गंमत, अंधारात एफचे आकडे दिसावेत म्हणून तिला एक छोटी खिडकी ठेवलेली असते जिथून एन्लार्जरचा उजेड आकड्यांवर यायचा. कॅमेऱ्यावर उलटं होतं, बाहेरचा उजेड त्या वाटेने आत येतो आणि कॉन्ट्रास्ट मरतो. काळ्या टेपचा तुकडा, विषय संपला. हे न कळल्यामुळे मी एक अख्खा पावसाळा लेन्स खराब आहे समजून बसलो होतो.

उलटी लावायची का हाही प्रश्न पुढे येईलच. एन्लार्जरमध्ये लेन्सच्या मागच्या बाजूला छोटी निगेटिव्ह आणि पुढच्या बाजूला मोठा कागद. आपण १ एक्सच्या वर गेलो की छोटी असते वस्तू आणि मोठी सेन्सरवरची प्रतिमा, म्हणजे लेन्सचं तोंड सेन्सरकडे हवं. म्हणून १ एक्सपर्यंत सरळ, दोन-तीन एक्सला उलटी. उलटी करायला पुढच्या फिल्टरच्या आट्यांचं माप व्हर्नियरने घे आणि त्या मापाची एम ४२ रिव्हर्स रिंग मागव, एका रिंगने जमलं नाही तर मधे एक स्टेप रिंग. फरक दिसतो, पण मधे नाही, कोपऱ्यात. मुंगीसाठी घाई नको, आधी सरळ लावून शिक.

फोकस करताना सगळे अडकतात तिथे आता येतो. वस्तू आणि सेन्सर यांच्यातलं एकूण अंतर १ एक्सला फोकल लेन्थच्या चौपट असतं, आणि ते कमीत कमी असतं, त्याच्यापेक्षा जवळ फोकस होऊच शकत नाही, गणितातच बसत नाही. ५० मिमीला २०० मिमी, थोडं इकडेतिकडे. मी पहिल्यांदा फळीवर कॅमेरा आणि नाणं १७ सेंमीवर पक्कं ठोकून बेलोजचा नॉब तासभर पुढेमागे फिरवत बसलो होतो, सगळं धुकं. बायको म्हणाली चष्मा लाव. तर बेलोजचा नॉब हा फोकससाठी नाहीच असं समज, तो मोठं-लहान ठरवायला. एकदा मॅग्निफिकेशन ठरवलं की लॉक कर आणि मग फोकससाठी एकतर अख्खं धूड वरखाली कर, म्हणजे एन्लार्जरचा नॉब, किंवा वस्तू सरकव. नेमकं किती एक्स आहे ते बघायला स्टीलच्या पट्टीचा फोटो काढ, सेन्सर २३.५ मिमी रुंद आहे, फ्रेममध्ये पट्टीचे १० मिमी दिसले तर २.३५ एक्स. बेलोजच्या पट्टीवर मार्करने खुणा करून ठेव, परत परत मोजायला नको.

कॅमेऱ्यात दोन गोष्टी आधी चालू कर, रिलीज विदाउट लेन्स, नाहीतर बटण दाबून काही होणारच नाही आणि वाटेल कॅमेरा गेला, आणि ई-फ्रंट कर्टन शटर, म्हणजे पहिल्या पडद्याचा धक्का बसत नाही. दोन सेकंदांचा टायमर. फोकस मॅग्निफायर सी बटणावर टाक.

ॲपर्चरबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे की मॅक्रो म्हटलं की एफ १६, एफ २२ ला टाका म्हणजे सगळं शार्प. बेलोजवर असं करू नको. लेन्सवर लिहिलेला आकडा अनंतावरचा असतो, लेन्स पुढे गेली की खरा आकडा होतो लिहिलेला गुणिले एक अधिक मॅग्निफिकेशन. ३ एक्सला एफ ८ म्हणजे खरा एफ ३२. तिथे डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो त्याने, सगळंच मऊ पडतं, एफ १६ लावलास तर खरा एफ ६४, त्या फोटोपेक्षा मोबाइलचा बरा येईल. वर सेन्सरवरचा प्रत्येक कण काळ्या ठिपक्यासारखा उमटतो. माझी सवय सांगतो, नाण्यांना ०.७ एक्सच्या आसपास एफ ५.६, म्हणजे खरा साडेनऊ. २ एक्स आणि ३ एक्सला एफ ४, म्हणजे खरा १२ आणि १६. याच्या पुढे बंद करायचं नाही.

मग डेप्थ कुठून आणायची? ३ एक्स, एफ ४ ला शार्प पट्टा सातशतांश मिलिमीटर, ०.०७. मुंगळ्याचं डोकं दोन मिमी खोल धरलं तर ०.०५ च्या पायरीने चाळीस फोटो, आणि मग ते सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचायचे, स्टॅकिंग म्हणतात ते. झिरीन आणि हेलिकॉन हे पैशाचे, पण फुकटात ह्युगिन नावाच्या सॉफ्टवेअरसोबत येणारं अलाइन इमेज स्टॅक आणि एन्फ्यूज यांनीसुद्धा होतं, थोडी कमांड टाइप करायची तयारी हवी. ०.०५ ची पायरी एन्लार्जरच्या नॉबने येणार नाही, तिथे खाली वस्तूसाठी वेगळं काहीतरी हवं. मी भंगारातल्या छोट्या लेथची क्रॉस स्लाइड उभी करून वापरतो, डायलवर एक रेघ म्हणजे ०.०२. तुला शाळा-कॉलेजच्या लॅबमधून काढून टाकलेल्या मायक्रोस्कोपचं बूड मिळालं तर त्याचा फाइन फोकस अगदी झकास, वरची नळी काढून टाकायची आणि जिथे ती सरकते तिथे एक छोटं टेबल चिकटवायचं. फक्त बॅकलॅश (दिशा बदलली की नॉब आधी थोडा रिकामाच फिरतो) लक्षात ठेव, एकाच दिशेने फिरवत जायचं, चुकून पुढे गेलास तर थोडा परत मागे येऊन पुन्हा त्याच दिशेने. नाण्यांना हे काही लागत नाही, ०.७ एक्स एफ ५.६ ला पाऊण मिमी पट्टा मिळतो आणि झिजलेल्या शिवराईचा उठाव बहुतेक त्यातच बसतो. म्हणून म्हणतो सुरुवात नाण्यांनी कर.

लाइट. लेन्स लांब गेली की उजेड पसरतो, १ एक्सला चौपट कमी, ३ एक्सला सोळापट कमी. व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार दिसतो तो यामुळे. नाण्यांना एलईडीचा टेबललॅम्प पुरतो, हलणार नसेल तर अर्धा सेकंद एक्स्पोजर चालतं. किड्यांना फ्लॅश, कुठलाही स्वस्त मॅन्युअल फ्लॅश ए ६००० वर मधल्या पिनने उडतो, शटर १/१६०, आयएसओ १००, पॉवर एकदम खाली १/३२ किंवा १/६४, कारण पॉवर जेवढी कमी तेवढा फ्लॅशचा लखलखाट छोटा आणि हलणं गोठतं. मेन्यूत लाइव्ह व्ह्यू डिस्प्लेचा सेटिंग इफेक्ट ऑफ कर नाहीतर स्क्रीन काळी राहील. उघडा फ्लॅश मारलास तर मुंगळा आणि भुंगे, सगळे चकचकीत कवचाचे, त्यांच्यावर पांढरे फटक डाग. अर्धा कापलेला पिंगपाँगचा चेंडू, मधे लेन्सपुरतं भोक, तो किड्यावर टोपीसारखा ठेव आणि फ्लॅश बाहेरून मार. मोठ्या वस्तूला लग्नपत्रिकेत घालतात तो ट्रेसिंग पेपर, दोन पदर.

शिवराईला उलट, मऊ लाइट घातलास तर अक्षरं सपाट होऊन जातात. 'श्री राजा शिव' आणि मागचं 'छत्रपति', झिजलेल्या नाण्यावर निम्मं तर अंदाजानेच वाचावं लागतं. तिथे एकच छोटा लाइट, वरच्या डाव्या बाजूने, घड्याळात दहा वाजतात तिथून, जमिनीपासून जेमतेम वीस-तीस अंशांवर. समोरच्या बाजूला पांढऱ्या कागदाचा तुकडा. मग नाणं हळूहळू गोल फिरवत स्क्रीनवर बघ, एका जागी अक्षर एकदम उठून येतं, तिथे थांब. नाणं एकदम नवं आणि चकचकीत असेल तर वेगळं तंत्र, नाणं आणि लेन्सच्या मधे ४५ अंशात साधी स्वच्छ काच धरायची आणि बाजूने लाइट काचेवर मारायचा, तो काचेवरून खाली नाण्यावर सरळ पडतो. आजोबांच्या तांब्याच्या नाण्यांना ते नको.

आणि हात जोडून सांगतो, फोटो चांगला यावा म्हणून नाणी चिंच-मीठ लावून किंवा पितांबरीने घासू नको. तो काळपट हिरवट थर तयार व्हायला दोन-तीनशे वर्षं लागलीत, घासलास की अक्षरांच्या कडा जातात, संग्राहकाच्या दृष्टीने नाण्याची किंमतही जाते. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटक, बस. पकडायचं कडेने.

जिवंत किड्यांसाठी बेलोज घेऊन रानात जाऊ नको. मी एकदा सप्टेंबरात कासला घेऊन गेलो होतो, सीतेची आसवं आणि दवबिंदू काढायला, तर एक तर वारा, वर भुरभुर पाऊस, भाता ओला, आणि ट्रायपॉड कुठे टेकवावा तर जिथे टेकवशील तिथे फुलंच. एकही फोटो धड नाही. ती फुलं तुडवून फोटो काढण्यात अर्थ नाही, मी आता तिकडे नुसती लेन्स आणि दोन एक्स्टेंशन ट्यूब (बेलोजचंच काम करणाऱ्या रिकाम्या नळ्या) नेतो आणि वाटेवरून पोटावर पडून जे मिळेल ते घेतो. तुझ्यासाठी तोच मार्ग, एम ४२ च्या साध्या ट्यूबचा सेट स्वस्तात येतो, त्यावर हीच ५० ची लेन्स १ एक्सच्या आसपास बांधून टाक, वर फ्लॅश, आणि फोकससाठी स्वतःच पुढेमागे डुल. सकाळी दव असताना माश्या, चतुर गारठून बसलेले असतात, तेव्हा जवळ जाऊ देतात. किडा फ्रीजमध्ये ठेवून सुस्त करायचं कोणी शिकवलं तर ऐकू नको, बेलोजसाठी पावसाळ्यात ट्यूबलाइटखाली सकाळी मेलेले सापडतात तेवढे वर्षभर पुरतात. ओंबिलांच्या, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्यांच्या नादी पहिल्या महिन्यात लागू नको, त्या थांबत नाहीत आणि चावतात वर.

तर मागव काय, तर बेलोज, नळीवाला आणि चपटा असे दोन्ही ॲडॉप्टर (दोन्ही मिळून फार जात नाहीत), एम ३९ ते ४२ रिंग, काळा कापडी टेप. बेलोज घेताना पट्टीला दोन नॉब आहेत का बघ, एक पुढच्या फ्रेमचा, एक मागच्या, काही अगदी स्वस्तात मागची फ्रेम ठोकलेलीच असते. बाकी सगळं घरात किंवा भंगारात आहे. रिव्हर्स रिंग, फ्लॅश, मायक्रोस्कोपचं बूड, हे दिवाळीनंतर बघू.

माळ्यावरून एन्लार्जर काढताना दोघं जण धरा, डोकं जड असतं आणि खांबाचा स्प्रिंग ताणलेला असेल तर लॉक सोडल्यावर डोकं एकदम उसळतं, बोट चेमटेल. बाबांना सोबत घे, त्यांना ते कसं सोडायचं हे माहीत असणार. खांब उभा राहिला की स्टीलच्या पट्टीचा पहिला फोटो टाक, एफ ४ आणि एफ ११ दोन्ही, आणि लेन्सवर नावापुढे एन आहे की नाही तेही सांग, मग रिंगचं माप बघू.